मोरचूद आणि दिनदर्शिका : समुद्री मत्स्यालयांतील साथींचा इतिहास

१/
गडकिल्ले, तहनामे आणि सनावळ्या यांपासून आज थोडी रजा. आजच्या धाग्यातील रणांगण काही फूट लांबीचे आहे, त्याच्या भिंती काचेच्या आहेत आणि आत समुद्राचे पाणी आहे. गेली शंभरएक वर्षे तेथे माणूस अशा शत्रूशी झुंजत आला आहे, जो दिसतो तेव्हा त्याला मारता येत नाही आणि मारता येतो तेव्हा तो दिसत नाही.

२/
ज्यांनी घरी खाऱ्या पाण्याचे मासे पाळले असतील त्यांना हा प्रसंग परिचित असेल. नवा आणलेला सर्जन फिश एके दिवशी खाणे सोडतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर साखरेचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके उमटतात. पाळणारा घाबरून पाण्यात काहीतरी औषध ओततो. तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात. औषध लागू पडले, असे वाटून तो निर्धास्त होतो. आणि पुढच्या आठवड्यात टाकीतल्या जवळपास सर्व माशांवर ठिपके दिसू लागतात, या वेळी कितीतरी पटींनी अधिक.

मधल्या त्या ‘बऱ्या’ दिवसांत नेमके काय घडले, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. आजची कथा त्या काळाची आहे.

३/
समुद्राचा तुकडा काचेत बंद करण्याची हौस व्हिक्टोरियन इंग्लंडची. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती आणि प्राणी एकत्र ठेवले तर पाणी न बदलताही ते परस्परांना जगवतात, हे गोड्या पाण्यातील माशांवर दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ प्रसिद्ध झाले आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाट आली. लंडन समुद्रापासून दूर असल्यामुळे गॉस यांनी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याचाही मार्ग सुचवला होता.

त्या टाक्यांत मुख्यतः इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे समुद्रफूल, खेकडे, शंख-शिंपले आणि काही थंड पाण्यातील मासे असत. आजच्या प्रवाळ-टाकीचे रंगीबेरंगी मासे तेव्हा त्या टाक्यांत नव्हते.

४/
मोठ्या मत्स्यालयांना आकार दिला तो विल्यम अल्फोर्ड लॉइड यांनी. हॅम्बुर्ग (१८६४) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मत्स्यालये त्यांच्या योजनेतून उभी राहिली. त्यांची कल्पना अशी : जमिनीखाली अंधारात पाण्याचा मोठा साठा ठेवायचा आणि तेच पाणी पंपाने सर्व टाक्यांतून अखंड फिरवत राहायचे. पाणी थंड राहते, हवा मिसळत राहते आणि समुद्रावरून वारंवार पाणी आणण्याचा खर्च वाचतो.

कल्पना उत्तम होती. तिच्यातला धोका मात्र त्या पाण्यातून काय काय फिरू शकते हे माहीत झाल्यावरच ध्यानात येतो. एका टाकीत आलेले संकट पंपाच्या वाटेने सर्व टाक्यांत पोहोचणार, हे या रचनेतच लिहिलेले होते.

५/
१९२४ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने नवे, भव्य मत्स्यालय उघडले. ते मॅपिन टेरेसेस या कृत्रिम डोंगराच्या पोटात होते आणि त्याच डोंगरात पाण्याचे साठे होते. एव्हाना आगबोटींमुळे उष्ण कटिबंधातील प्रवाळ-मासे जिवंत युरोपात पोहोचू लागले होते. त्यांच्यासाठी पाणी कोमट ठेवावे लागे. निरनिराळ्या समुद्रांतले, निसर्गात एकमेकांना कधीही न भेटलेले मासे आता एकाच पाण्यात श्वास घेऊ लागले.

६/
येथे क्षणभर थांबून एक हिशेब करू. खुल्या समुद्रात बहुतेक माशांच्या अंगावर थोडेफार परजीवी असतातच. परजीवी मासा सोडून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात. त्यांना काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत नवा मासा सापडला नाही तर ती मरतात. समुद्र अफाट आहे, मासा पुढे निघून गेलेला असतो, म्हणून बहुतेक पिल्ले मरतात. शेकड्यांत एखाददुसरे वाचले तरी परजीवीचा वंश चालतो, आणि माशाचेही फारसे बिघडत नाही.

काचेच्या टाकीत हा हिशेब उलटतो. मासा कोठेही जात नाही. शेकडो पिल्लांपैकी बहुतेकांना तो सापडतो. परजीवीने स्वभाव बदललेला नसतो. माणसाने फक्त समुद्रातले अंतर काढून टाकलेले असते. म्हणून या साथी समुद्राच्या नसून मत्स्यालयाच्या आहेत, असे माझे मत आहे.

७/
लंडनच्या या मत्स्यालयातील समुद्री माशांच्या मृत्यूंचा छडा ई. एम. ब्राउन या संशोधकाने लावला. १९३१ मध्ये ब्राउन यांनी माशांच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर आढळलेल्या एका नव्या एकपेशीय जीवाची नोंद प्रसिद्ध केली. १९३४ च्या सविस्तर निबंधात त्याचा पूर्ण जीवनक्रम आणि त्याने पसरवलेल्या साथीचे वर्णन आले. नाव दिले : ऊडिनियम ऑसेलॅटम.

हा जीव डायनोफ्लॅजेलेट गटातला, म्हणजे शेवाळासारख्या सूक्ष्म तरंगत्या जीवांचा नातलग. समुद्राच्या लाटा रात्री निळसर चमकताना पाहिल्या असतील तर त्या चमकेमागे याच गटातले जीव असतात. त्यांतल्या एका शाखेने तरंगणे सोडून माशाच्या कल्ल्यांत मुळे रोवली.

८/
त्याचा जीवनक्रम नीट समजून घेतला पाहिजे, कारण उपचाराचा सारा इतिहास त्याभोवती फिरतो.

पहिली अवस्था माशावरची. नासपतीच्या आकाराचा परजीवी मुळांसारख्या तंतूंनी कल्ल्याला चिकटतो आणि पेशी पोखरत वाढतो. दुसरी अवस्था तळाची. पोट भरले की तो मासा सोडून वाळूत पडतो, अंगाभोवती कठीण कोश गुंडाळतो आणि आत विभागत जातो : दोनाचे चार, चाराचे आठ. तिसरी अवस्था पाण्यातली. कोश फुटतो आणि एकाच परजीवीपासून जास्तीत जास्त २५६ पोहणारी पिल्ले बाहेर पडून माशाच्या शोधात निघतात. कोमट पाण्यात हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते.

म्हणजे एकाचे २५६, आणि सगळ्यांना मासा सापडलाच तर दुसऱ्या फेरीत ६५ हजारांहून अधिक. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवावी. शिवाय हल्ला प्रथम कल्ल्यांवर होत असल्याने अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसण्यापूर्वीच मासा गुदमरून मरू शकतो.

९/
या जीवाच्या नावाचीही छोटी गोष्ट आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा लंडनचे ते मत्स्यालय रिकामे करण्यात आले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ब्राउन यांनी ओव्हास या फ्रेंच शास्त्रज्ञासह पूरक अभ्यास प्रसिद्ध केला आणि या जीवाला स्वतंत्र प्रजाती दिली : अ‍ॅमिलूडिनियम. ‘अ‍ॅमिलम’ म्हणजे स्टार्च. या परजीवीच्या पेशीत स्टार्चचे कण असतात, हा त्याच्या वनस्पतीसदृश वंशाचा पुरावा. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून रंग पालटलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या परजीवीची ओळख पटवण्यासाठी आजही तोच आयोडीन वापरला जातो.

१०/
अटलांटिकच्या पलीकडे याच काळात न्यू यॉर्कमध्ये रॉस निग्रेली काम करत होते. तेथील मत्स्यालय १८९६ पासून एका जुन्या तटबंदीत होते. कॅसल क्लिंटन हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंदराच्या रक्षणासाठी बांधलेला गोल किल्ला. (रजा घेतली तरी किल्ला पाठ सोडत नाही.) निग्रेली यांनी १९३६ मध्ये ब्राउन यांच्या परजीवीची रचना आणि जीवनक्रम यांवर विस्तृत निबंध लिहिला.

त्या किल्ल्यात आणखी एक उपद्रव होता : माशांच्या त्वचेला आणि डोळ्यांना चिकटणारा चपटा, पारदर्शक कृमी. १९२७ मध्ये मॅकलम यांनी त्याचे वर्णन केले. त्याच्या नावातला ‘मेलेनी’ हा शब्द या मत्स्यालयातच काम करणाऱ्या आयडा मेलन यांच्यावरून आला. एखाद्या कृमीला आपले नाव मिळणे हा सन्मान मानायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

हा कृमी मात्र तुलनेने भोळा शत्रू. मासा काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवला की कृमी पांढरट होऊन गळून पडतो. निग्रेली आणि ब्रीडर यांनी १९३४ मध्ये याहून मोलाची गोष्ट नोंदवली : काही मासे या कृमीच्या हल्ल्यातून वाचल्यावर पुढच्या हल्ल्याला काही प्रमाणात दाद देत नाहीत. माशांनाही प्रतिकारशक्ती कमावता येते, हे त्यातून दिसले.

११/
येथे भारतीय वाचकाला एक समांतर प्रसंग आठवेल. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. रोगी खाटेवर असतो, पण लढाई डबक्यात आहे, हे त्या दिवसापासून उमगू लागले. ब्राउन आणि निग्रेली यांनी समुद्री माशांच्या बाबतीत नेमके हेच केले : रोग माशावर दिसतो, पण त्याचे दोन तृतीयांश आयुष्य माशाबाहेर जाते. ही तुलना केवळ अलंकारिक नाही. ती पुढे अनपेक्षितपणे खरी ठरते.

१२/
आता दुसरा शत्रू, सुरुवातीला सांगितलेल्या साखरेच्या कणांचा.

गोड्या पाण्यातील माशांचा ‘पांढरा ठिपका’ १८७६ मध्ये फूके यांनी फ्रान्समध्ये वर्णिला होता. तसेच ठिपके समुद्री माशांवर जपानमध्ये सिकामा यांनी पाहिले आणि १९३७-३८ मध्ये त्यांवर जपानी व जर्मन भाषांत लिहिले. परंतु त्यांनी त्या जीवाचे शास्त्रीय नामकरण केले नाही. १९५१ मध्ये पुन्हा आपले ब्राउनच पुढे आले. एका संक्षिप्त टिपणात त्यांनी नाव जाहीर केले : क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. ‘क्रिप्टो’ म्हणजे लपलेले, ‘कॅरिऑन’ म्हणजे केंद्रक, आणि ‘इरिटान्स’ म्हणजे काय ते टाकी पाळणाऱ्यास सांगावे लागत नाही.

सिकामा यांनी आपले नाव सुचवले ते १९६१ मध्ये. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते, त्यामुळे प्रथम पाहणाऱ्याचे नाव मागे पडले. इतिहासात ज्याची नोंद वेळेवर होते त्याचीच मोहोर उमटते, हे आपल्या दफ्तरखान्यांत वावरलेल्यांना नवे नाही.

योगायोग असा की त्याच १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. लंडनहून शत्रूचे नाव जाहीर होत असताना मुंबईकर प्रथमच काचेपलीकडचा समुद्र पाहत होते.

१३/
क्रिप्टोकॅरिऑन हा अ‍ॅमिलूडिनियमहून वेगळ्या कुळातला. याच्या अंगभर वल्ह्यांसारखे हलणारे सूक्ष्म रोम असतात आणि तो माशाच्या त्वचेवर बसत नाही, त्वचेखाली शिरतो. दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे परजीवी आणि त्याच्यावर ओढलेले माशाच्याच कातडीचे पांघरूण. जीवनक्रम तोच तीन टप्प्यांचा : माशावर तीन ते सात दिवस, मग तळाशी कोश, मग सुमारे दोनशे पिल्ले.

आता दुसऱ्या पोस्टमधले कोडे सुटते. ठिपके औषधाने गेले नव्हते. परजीवी पोट भरून खाली उतरले होते, इतकेच.

१४/
शत्रूचे आयुष्य कळले, शस्त्र मात्र नव्हते. ते आले शेतीच्या वाटेने.

मोरचूद! द्राक्षबागायतदारांच्या घरात वाढलेल्या वाचकांना हा निळा खडा ठाऊक असेल. मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण बुरशीवर फवारतात, ते ‘बोर्डो मिश्रण’ फ्रान्सच्या बोर्डो प्रांतात १८८५ मध्ये मिलार्दे यांनी जगापुढे आणले. तांबे अत्यल्प प्रमाणातही सूक्ष्म जीवांना मारक ठरते. १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी पिण्याच्या पाण्याच्या तलावांतील शेवाळ मोरचुदाने मारता येते, हे दाखवले.

समुद्री मत्स्यालयासाठी हा उपाय मांडला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट अ‍ॅक्वेरियममधील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी. १९५५ मध्ये ऊडिनियमजन्य रोगांवर मोरचुदाचा वापर हा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जो परजीवी मुळात शेवाळाचा नातलग, त्याच्यावर शेवाळाचेच विष चालावे, यात एक सुंदर तर्कसंगती आहे.

१५/
पण मात्रा किती? पुढच्या काळात जी मात्रा रूढ झाली ती लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे. मोरचुदात तांब्याचा वाटा वजनाने सुमारे चौथा. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम मोरचूद. चिमूटभर मिठाचे वजन याहून अधिक भरेल! थोडे कमी पडले तर परजीवी जगतो, थोडे अधिक झाले तर मासा मरतो. शार्क व पाकट यांना तर रूढ मात्राही जड जाते.

त्यातून समुद्राचे पाणी आणि मोरचूद यांचे मुळीच पटत नाही. पाण्यातील कार्बोनेटाशी तांब्याची गाठ पडते आणि ते खाली बसते. प्रवाळाची वाळू, शिंपले, सजावटीचे दगड हे सारे चुनखडीचे. ते तांबे शोषून घेतात. सकाळी टाकलेली मात्रा संध्याकाळी निम्मीही उरत नाही, आणि पाण्याची आम्लता वाढली की शोषलेले तांबे भलत्याच वेळी सुटते. म्हणून सायट्रिक आम्लाची जोड आली, तांब्याला रासायनिक बंधनात धरून ठेवणारी तयार औषधे आली, आणि रोज पाणी तपासण्याची शिस्त आली. मत्स्यालयाच्या रखवालदाराला अर्धा रसायनशास्त्रज्ञ बनवले ते मोरचुदाने. (हा धागा इतिहासाचा आहे. यावरून कोणी घरच्या टाकीत मोरचूद टाकू नये, ही विनंती.)

१६/
तांब्याची खरी मर्यादा याहून खोल आहे. ते त्वचेखाली दडलेल्या परजीवीपर्यंत पोहोचत नाही. कोशाच्या भिंतीही भेदत नाही. ते मारते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना, त्या मोजक्या तासांत, जेव्हा ती उघडी असतात. म्हणून औषध ‘लागू पडले’ असे दिसल्यावर थांबणे ही सर्वांत मोठी चूक. दोन-तीन आठवडे, शेवटचा कोश फुटेपर्यंत, पाण्यात तांबे अचूक मात्रेत टिकवावे लागते. आपण माशाला औषध देत नसतो, माशाभोवतीच्या वाटेवर पहारा बसवत असतो.

१९६० मध्ये मोनॅकोत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मत्स्यालय-परिषदेत हा विषय येणे अपरिहार्यच होते. तेथील डेन्मार्कच्या मत्स्यालयाचे ऊडिनियमवरील उपचारांचे अनुभव पुढे परिषदेच्या ग्रंथात छापले गेले.

१७/
आणि तरीही, १९६६ मध्ये निग्रेली आणि रुजिएरी यांना न्यू यॉर्कच्या मत्स्यालयात क्रिप्टोकॅरिऑनने माजवलेल्या साथींवर निबंध लिहावा लागला. एव्हाना किल्ल्यातले मत्स्यालय १९४१ मध्ये बंद होऊन १९५७ मध्ये कोनी आयलंडवर नव्या इमारतीत आले होते. जगातील माशांच्या रोगांचा अग्रगण्य जाणकार ज्या मत्स्यालयात बसला होता, तेथेही साथ शिरली. ज्ञान आणि सुटका यांत किती अंतर असू शकते याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

१८/
त्याच दशकात युद्धभूमीच बदलली. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन इंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातून आणलेले, सूक्ष्म जीवांनी भरलेले ‘जिवंत’ खडक टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. पाणी आपोआप शुद्ध राहते, आणि मुख्य म्हणजे जिवंत प्रवाळही जगतो. पुढील दोन-तीन दशकांत ही दिशा जगभरच्या शौकिनांनी स्वीकारली आणि टाकीत मासा हा पाहुणा, प्रवाळ हा यजमान झाला.

प्रवाळ, समुद्रफूल, कोळंबी, गोगलगायी या सर्वांना तांबे घातक. जी मात्रा परजीवीला मारते तीच यजमानालाही मारते. डेम्पस्टर यांचे शस्त्र आता घरात चालवताच येईना. रुग्णाला बाहेर काढून वेगळ्या, खडक-वाळू नसलेल्या उघड्या टाकीत ठेवणे भाग पडले. विलगीकरणाची टाकी ही आज शहाणपणाची खूण मानली जाते. तिचा जन्म अशा नाइलाजातून झाला.

१९/
अकराव्या पोस्टमधील हिवताप आठवतो? १९८८ मध्ये टेक्सासमध्ये रेड ड्रम या माशाच्या संवर्धनात अ‍ॅमिलूडिनियमवर एक नवे औषध आजमावले गेल्याचे प्रसिद्ध झाले : क्लोरोक्वीन. होय, आपल्या घराघरांत हिवतापासाठी दिली गेलेली तीच कडू गोळी. डायनोफ्लॅजेलेट आणि हिवतापाचा परजीवी हे आज एकाच विशाल कुळातले दूरचे भाऊबंद मानले जातात.

या औषधाची करणीही पाहण्यासारखी. कोशाच्या आतील विभाजन ते थांबवत नाही. दोनाचे चार, चाराचे आठ सुरूच राहते. पण कोश फुटून पिल्ले बाहेर आली की ती तत्काळ मरतात. पुन्हा तीच वेळ, तीच खिडकी.

२०/
मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे पान वाटते ते इस्रायलच्या एलात बंदरातले. लाल समुद्राच्या टोकाशी असलेल्या तेथील संशोधन केंद्रात गिल्ट-हेड ब्रीम या खाद्य-माशाचे संवर्धन चाले आणि क्रिप्टोकॅरिऑन ते उद्ध्वस्त करी. अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये तांब्याऐवजी गोडे पाणी वापरून पाहिले. समुद्राची क्षारता साधारण हजारात ३५ भाग. ती १० पर्यंत उतरवून मासे तीन तास ठेवायचे आणि तीन-तीन दिवसांच्या अंतराने असे चार वेळा करायचे. समुद्री माशाचे रक्त समुद्रापेक्षा मुळातच बरेच कमी खारट असते, त्यामुळे त्याला हा बदल सोसतो. एकपेशीय परजीवीच्या अंगात मात्र पाणी शिरत जाते आणि तो फुटतो.

त्याहून पुढची पायरी १९८७ ची. परजीवी माशावर फार तर आठवडाभर राहतो. कोश तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाही. मग मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवले तर? खाली पडलेले कोश जुन्या टाकीतच राहतील आणि फुटण्यापूर्वीच वाळवले जातील. असे चार वेळा केले की माशावर काही उरत नाही.

ना मोरचूद, ना गोळी. लागते ती दोन टाक्या, एक जाळी आणि भिंतीवरची दिनदर्शिका. ब्राउन यांनी चितारलेला जीवनक्रम हेच येथे औषध झाले होते. (अ‍ॅमिलूडिनियमच्या बाबतीत मात्र हे गणित बसत नाही. त्याचे कोश याहून लवकर फुटू शकतात आणि पातळ पाण्याचेही त्याला फारसे भय नाही. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक, मग उपाय.)

२१/
१९९४ च्या सुमारास आणखी एक गुपित उलगडले. क्रिप्टोकॅरिऑन मासा सोडतो तो अंधारात, आणि कोशातून पिल्ले बाहेर पडतात ती मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आसपास. कारण सहज लक्षात येते. रात्री मासे खडकांच्या कपारीत, तळाजवळ निश्चल असतात. ज्याला तळावरून उठून काही तासांत मासा गाठायचा आहे त्याच्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. गनिमी काव्याचे कौतुक असलेल्या वाचकांनी या एकपेशीय गनिमाच्या वेळापत्रकाचीही नोंद घ्यावी.

२२/
शत्रू स्थिर राहिला असता तर कथा येथे संपली असती. २००३ मध्ये तैवानमधून अशा साथींची नोंद आली, ज्या क्षारता ५ आणि १० भाग असलेल्या पाण्यातही पसरल्या होत्या. कोलोर्नी यांचे पातळ पाणी सर्वत्र चालेलच, ही खात्री गेली. आग्नेय आशियात समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवले जातात. तेथेही हा परजीवी पोहोचला आणि रायगडच्या खाडीकाठी ज्याला जिताडा म्हणतात तो मासाही त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. पिंजऱ्यातून समुद्राचे पाणी मोकळे वाहते, पण माशांची दाटी टाकीसारखीच असते.

दरम्यान २००२ मध्ये राईट आणि कोलोर्नी यांनी जनुकीय पुराव्यांवरून दाखवले की क्रिप्टोकॅरिऑन हा गोड्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्याचा जवळचा नातलग नाहीच. दोघे वेगळ्या वर्गांतले. एकसारखे दिसणे, त्वचेखाली शिरणे, कोश करणे हे सारे दोघांनी स्वतंत्रपणे साधलेले. १९३७ पासून अनेकांनी एकाच्या अनुभवावरून दुसऱ्यावर उपचार केले होते. त्यांतले किती उपचार या चुकीच्या नात्यापायी फसले असतील, कोण जाणे.

२३/
राहता राहिली ती मूळ टाकी, जिच्यात प्रवाळ आहे आणि तांबे टाकता येत नाही. कोलोर्नी आणि बर्जेस यांनी १९९७ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार एखादा कोश तब्बल ७२ दिवसांपर्यंत उशिरा फुटू शकतो. म्हणून जाणकार शौकीन सर्व मासे बाहेर काढतात आणि प्रवाळाची टाकी सुमारे अडीच महिने मत्स्यविरहित ठेवतात. शेतकरी जसे रान पडीक ठेवतो तसे. इंग्रजी बोलणारे शौकीनही यासाठी शेतीतलाच शब्द वापरतात.

त्या अडीच महिन्यांत टाकीकडे पाहण्यासारखे काही नसते. दिवा लागतो, पंप चालतो, प्रवाळ उमलतो आणि मिटतो. पहाटेच्या अंधारात वाळूतून उशिरा जागी झालेली पिल्ले उठतात, काही तास पोहतात आणि मासा न सापडल्याने मरतात. शेजारच्या खोलीत, दोन साध्या टाक्यांपैकी एकीत मासे असतात आणि दुसरी उन्हात पालथी घालून वाळत ठेवलेली असते.